पटावर आहेत, यादीत नाहीत

2011 च्या फेब्रुवारीत मी शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या एका शाळेवर शिक्षक होतो आणि जनगणनेचा प्रगणक म्हणून मला शाळेच्याच गावाचा गट मिळाला होता. अलीकडे कुणब्यांची घरे आणि ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी, एवढेच ते गाव. ठाणे जिल्ह्याचे विभाजन तेव्हा व्हायचे होते. पुढे आकडे जाहीर झाले तेव्हा 1 कोटी 10 लाख लोकसंख्येमुळे तो देशात पहिला ठरला आणि त्यातली सुमारे 77 टक्के माणसे शहरांत राहणारी निघाली. माझा गट उरलेल्या टक्क्यांतला.

गाव ओळखीचे असल्यामुळे काम सोपे जाईल असे मी धरून चाललो होतो. एके दिवशी सकाळी शाळेत हजेरी घेऊन कुणबी आळीत सुरुवात केली. पहिल्याच घरात एका छपराखाली दोन भाऊ राहत होते, परंतु दिवाळीपासून त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, आणि जनगणनेत कुटुंब ठरते ते चुलीवरून, भिंतीवरून नव्हे. त्यामुळे एका दारात दोन पत्रके भरावी लागली. म्हाताऱ्या आईचे नाव कोणत्या पत्रकात घालायचे, यावर दोन्ही सुनांनी एकमेकींकडे पाहिले आणि धाकटीने ‘आमच्याकडं लिवा’ म्हटले. या प्रश्नाने घरातले काय काय उघड्यावर येते, हे प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते.

वयांचे म्हणाल तर मोठी माणसे चाळीस, पन्नास, साठ अशीच सांगत. 2005 च्या पुराच्या वेळी पोर अंगावर होते की चालत होते, असे विचारत मुलांची वयेही ठरवावी लागत. हे सगळे मला येत होते. माझी खरी चूक कामाच्या रकान्यात झाली. मी बायकांना ‘तुम्ही काय करता?’ असे विचारत होतो आणि उत्तर येत होते, ‘काय नाय, घरीच असते.’ अशा आठ बायका मी काम न करणाऱ्यांत लिहून मोकळा झालो. नवव्या घरी प्रश्न विचारला तेव्हा बाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती, मागे भाताच्या पेंढ्याची उडवी होती, आणि तीही म्हणाली, ‘घरीच.’

तिथे मी पेन खाली ठेवला. मागच्या वर्षाचे महिने तिच्याबरोबर एकेक करून मोजू लागलो. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पाला आणि शेण वाहायचे, राब भाजायचा, जूनमध्ये पेरणी, जुलैत आवणी म्हणजे रोपांची लावणी, मग बेणणी म्हणजे तण काढणे, दिवाळीच्या आसपास कापणी आणि झोडणी, भात निघाल्यावर त्याच खाचरात ओलीवर वाल. बेरीज सहा महिन्यांच्या पुढे गेली, म्हणजे नियमाप्रमाणे ती मुख्य काम करणारी, शेतकरी. तिच्या नवऱ्याने मात्र सुरुवातीलाच छाती काढून ‘शेतकरी’ असे सांगितले होते, कारण सातबारावर वडिलांच्या आणि चार चुलत्यांच्या नावांखाली त्याचेही नाव होते. प्रत्यक्षात तो रोज आसनगावहून लोकल धरून भिवंडीच्या गोदामात हमालीला जात होता आणि शेतात दिसत होता तो आवणीच्या चार दिवसांत. दोघांच्याही नोंदी बदलल्या. ‘मंग मी कोण?’ असे त्याने विचारले आणि बायको मान खाली घालून हसली. उन्हाचा मी मागे फिरलो आणि त्या आठही घरी जाऊन महिने पुन्हा मोजले. सहा जणी शेतकरी निघाल्या, एक शेतमजूर. आठवी खरोखरच अंथरुणाला खिळलेली होती.

दुपारी ओढा ओलांडून वाडीत गेलो. घरयादीप्रमाणे तिथे तेवीस घरे होती. सोळा घरांच्या दारांना काटक्या आडव्या लावलेल्या होत्या. गणेशोत्सवाच्या सुमारास उचल घेऊन, दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, हा वाडीचा दरसालचा क्रम होता. शिल्लक राहिलेल्या सात घरांत म्हातारीकोतारी आणि त्यांच्याकडे ठेवलेली चार-पाच मुले होती. नियम स्पष्ट होता: 9 ते 28 फेब्रुवारी या काळात जो घरी एकही दिवस नाही, त्याची नोंद घरी करायची नाही, तो जिथे सापडेल तिथला प्रगणक ती करील.

मी एका म्हातारीच्या ओटीवर बसून पत्रके भरली. ज्या हातांनी भरत होतो, त्याच हातांनी सकाळी शाळेत हजेरी घेतली होती. त्या हजेरीपटावर या वाडीची एकोणीस मुले होती, त्यांपैकी पंधरांपुढे दिवाळीनंतर सलग गैरहजेरीची खूण होती. म्हणजे शाळेच्या लेखी ती मुले गावातच होती आणि सरकारच्याच दुसऱ्या कागदावर नव्हती. माझ्या पत्रकांवरून कोणी या वाडीचे चित्र काढले असते, तर त्याला म्हाताऱ्यांची आणि लहानग्यांची वाडी दिसली असती, जिथे तरुण माणूस नाही आणि कामकरी जवळपास नाहीत. जुलैत तीच वाडी गजबजलेली असते आणि अर्ध्या गावाची आवणी तिथल्या हातांनी होते. सकाळची चूक माझी होती, ती मी सुधारू शकलो. इथे नियम पाळूनच चित्र बिघडत होते. पर्यवेक्षकांना विचारले, तर ते म्हणाले, ‘भट्टीवर मोजतील ना, गुरुजी.’ नियमाच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच होते.

मार्चच्या 1 ते 5 तारखांना फेरतपासणीची फेरी असते. 28 फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपर्यंतचे जन्ममृत्यू जुळवायचे आणि सुटलेली माणसे घ्यायची. 4 तारखेला वाडीत गेलो, तर एका दाराच्या काटक्या निघाल्या होत्या. बाई भट्टीवरच बाळंत झाली म्हणून मुकादमाने नवराबायकोला तीन पोरांसह पंधरा दिवसांसाठी घरी सोडले होते. मूल कधी झाले, तर ‘शिवरात्रीच्या आधी चार दिवस.’ शिवरात्र 2 तारखेला झाली होती, तेव्हा मूल हद्दीत बसत होते. मोठी मुलगी माझ्याच दुसरीच्या वर्गातली, दाराआडून पाहत होती.

इथे लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारणे आवश्यक होते: भट्टीवर कोणी मोजणीला आले होते का?

नवरा थोडा वेळ आठवत राहिला. ‘आलता ना, गुरुजी,’ तो म्हणाला. ‘रोजच येतो मुकादम. इटा मोजाया. हजारावर पैसं हायत.’

मी नवे पत्रक काढले आणि कुटुंबप्रमुखाचे नाव विचारले.