प्रगती-नोंद: एक वॉर फाइल, चार ऑपरेटिंग सिस्टिम आणि ‘ऱ्य’

जत्रेतल्या उत्सवी नाटकांच्या जुन्या पत्रकांचा शोधसंच आता चारही यंत्रांवर उभा आहे: फोंड्यातला विंडोज ११ डेस्कटॉप, डेबियन १२चा मिनी पीसी, म्हापशातला रास्पबेरी पाय ४ (४ जीबी, ६४ बिट) आणि फ्रीबीएसडीचा एक जुना लॅपटॉप. सगळीकडे टॉमकॅट १०.१ (जावातली वेब-अ‍ॅप्स चालवणारा सर्व्हर), जावा १७ आणि तीच वॉर फाइल (सगळे अ‍ॅप एका गठ्ठ्यात). बाइटकोडने, म्हणजे जावाच्या संकलित कोडने, कुठेही त्रास दिला नाही. त्रास आहे तो फाइलींच्या नावांचा, परवानग्यांचा आणि टॉमकॅट सेवा म्हणून कोण सुरू करतो याचा.

आधी अक्षरे. जावा १८पासून यूटीएफ-८ हे मुळातले एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) झाले. १७ मात्र विंडोजवर अजून यंत्राचे कोडपेज (विंडोजची जुनी अक्षरसारणी) घेते. आपल्याकडे ते बहुधा १२५२ असते, आणि त्यात देवनागरी नाही. एन्कोडिंग न सांगता लिहिलेला प्रत्येक फाइलरायटर (जावाचा फाइल लिहिणारा वर्ग) मग देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे लिहितो, आणि ती परत अक्षरे होत नाहीत. सेवेच्या जावा ऑप्शन्समध्ये ‘-डीफाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-८’ (मूळ इंग्रजीत, अर्थात) ही ओळ घातली की भागते. पण विंडोजवर सेवा सेटएन्व्ह.बॅट (टॉमकॅटच्या पर्यायांची फाइल) वाचत नाही. ती ओळ टॉमकॅट१०डब्ल्यू.एक्सई या सेवेच्या सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये, जावा टॅबमध्येच घालावी लागते. बॅट फाइलमध्ये घालून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

लिनक्सवरही तीच ओळ घातली की मजकूर ठीक राहतो, पण फाइलींची नावे लोकेलवरून (यंत्राच्या भाषा-सेटिंगवरून) ठरतात. क्रॉनमधून (वेळापत्रकाने कामे चालवणाऱ्या प्रोग्राममधून) सुरू केलेली सेवा किंवा उघडाबोडका कंटेनर असेल तर लोकेल पॉझिक्स, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचे, असते आणि देवनागरी नावाची फाइल उघडताना इनव्हॅलिडपाथएक्सेप्शन येते. जावा २१ घेतले तरी हे सुटत नाही, कारण नावांसाठी वेगळी प्रॉपर्टी आहे: सन.जेएनयू.एन्कोडिंग. चालू प्रक्रियेवर जेसीएमडी या जावाच्या साधनाची व्हीएम.सिस्टम_प्रॉपर्टीज ही आज्ञा चालवून ती बघावी. लँग या चलात सी.यूटीएफ-८ दिले की काम होते.

आता खरा मराठी घोळ. ‘किनाऱ्यावरची_देवळे.जेपीजी’ ही फाइल डोळ्यांना दिसते, यादीत येते, पण क्लिक केले की ४०४ (‘सापडत नाही’). ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंधही लिहिता येते (०९३१) आणि र अधिक नुक्ता असेही (०९३० + ०९३C). जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावे फोडून साठवते. तिथून पेनड्राइव्हवर आलेले स्कॅन फुटलेल्या ‘ऱ’सकट लिनक्सवर उतरतात, आणि लिनक्सला बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळे. विंडोजची एनटीएफएस फाइलप्रणालीही नावे आहेत तशीच ठेवते. उपाय दोन टोकांना: चकतीवरची नावे कन्व्हएमव्ही या साधनाने एनएफसीत, म्हणजे एकसंध अक्षरांच्या रूपात, आणणे (प्रत्यक्ष बदल हवा तर नोटेस्ट हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर ते नुसते दाखवते), आणि कोडमध्ये येणाऱ्या प्रत्येक नावावर तेच करणारा जावाचा नॉर्मलायझर चालवणे.

एवढ्याने संपत नाही. काही कीबोर्ड ‘र्‍य’ लिहिताना र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक टाकतात. दिसायला तेच, पण एनएफसी त्याला हात लावत नाही. त्यासाठी नॉर्मलायझरनंतर स्वतःची एक बदली घातली आहे: र + हलन्त + जोडक दिसले की ऱ + हलन्त. शोधाच्या शब्दावरही तीच बदली चालते. हे केल्यावर ‘गावकऱ्यांची’, ‘पुजाऱ्यांची’ असली नावे असलेली पत्रके शोधात नीट येऊ लागली.

डेबियनच्या पॅकेजमध्ये अडचण निराळी. अपलोडची फोल्डर /एसआरव्हीखाली, मालक टॉमकॅट, परवानग्या चोख, तरी ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’. चकतीला दोष देऊ नका. पॅकेजची सिस्टमडी युनिट (लिनक्सवर सेवा कशी चालवायची ते सांगणारी फाइल) प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट लावते आणि वेबअ‍ॅप्स, लॉग अशा मोजक्या जागांनाच लिहू देते. सिस्टमसीटीएल एडिटने रीडराइटपाथ्समध्ये आपली फोल्डर वाढवावी आणि सेवा पुन्हा सुरू करावी. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) करून काहीच होत नाही, वर दार सताड उघडे राहते.

विंडोजवर नवी वॉर टाकताना जुन्या जार फाइली (जावा कोडचे गठ्ठे) उघड्या असतात. त्या पुसल्या जात नाहीत आणि अर्धी फोल्डर मागे राहते. टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट सेटिंगमध्ये अँटीरिसोर्सलॉकिंग चालू केले की सुटते, पण प्रत्येक वेळी सगळा पसारा टेम्पमध्ये उतरतो आणि सुरुवात मंदावते. लिनक्सवर याची गरज नाही, तिथे ते बंदच ठेवा. विंडोजवर संपादलेली सेटएन्व्ह.एसएच लिनक्सवर नेली तर ओळींच्या शेवटचे सीआर (विंडोजचे जादा ओळ-समाप्ती चिन्ह) पर्यायांना चिकटून जातात; गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एसएच फाइलींना ईओएल=एलएफ लावून हा विषय बंद.

फ्रीबीएसडी शांत आहे. ओपनजेडीके पॅकेजची सूचना वाचून एफडेस्कएफएस आणि प्रॉकएफएस या दोन खास फाइलप्रणाली एफएसटॅबमध्ये घातल्या, एवढेच.

पायचे दुखणे पावसाळी. पाय ४मध्ये स्वतःचे घड्याळ नाही. वीज गेली की परत येताना ते जुन्याच वेळेवर उठते आणि नव्या नोंदी कालच्या तारखेने बसतात. सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक (नेटवरून वेळ जुळेपर्यंत थांबणारी सेवा) चालू करून टॉमकॅट त्याच्यामागे लावला. मात्र वीज आली तरी मोडेम मेलेलाच असतो, आणि ही सेवा मुळात अनंत काळ थांबते. तिला टाइमआउटस्टार्टसेक १२० दिले. दोन मिनिटांत वेळ मिळाली नाही तरी टॉमकॅट उठतो. डीएस३२३१ घड्याळाचा मॉड्यूल आय२सी पिनांवर बसवणे हा पक्का इलाज, तो चतुर्थीपूर्वी व्हायला हवा. हीपची (जावाच्या कामाच्या मेमरीची) कमाल मर्यादाही हाताने ५१२ एमबी केली आहे. न सांगितल्यास जावा रॅमचा चौथा हिस्सा, म्हणजे इथे साधारण १ जीबी धरते.

बाकी: विंडोजवर जावा २१ चढवून एन्कोडिंगची ओळ काढणे, आणि पायचे लॉग एसडी कार्डावरून एसएसडीवर हलवणे.