गणिताच्या तासाला गळका नळ

शाश्वत विकासाचं शिक्षण रोजच्या वर्गात आणायचं ठरवलं, तेव्हा त्यासाठी वेगळा तास मिळणार नव्हता आणि मला तो नकोही होता. पर्यावरण दिनाला घोषणा द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पुस्तक उघडायचं, यातून मुलांच्या हाती फारसं काही लागत नाही. पर्यावरण शिक्षण अनेक विषयांतून द्यावं, हे १९७७ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसी इथे झालेल्या युनेस्कोच्या पर्यावरण शिक्षण परिषदेतच मांडलं गेलं होतं.

मग वार्षिक नियोजन समोर घेतलं आणि घटकांपुढे पेन्सिलीने लिहीत गेलो: इथे पाणी, इथे वीज, इथे कचरा. बीजगणिताच्या सूत्रांना ओढूनताणून झाडं चिकटवण्यात अर्थ नव्हता. ते घटक तसेच सोडले.

खरी मजा आली मापनात. शाळेतला एक नळ गळत होता. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो, असं धरून मुलांनी हिशेब मांडला. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे ४ लिटरहून जास्त पाणी. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “सर, पण वीसच थेंब कशावरून?” हाच प्रश्न मला हवा होता! मोजनळी आणली, थेंब मोजले. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा आला आणि सरासरी कशासाठी काढतात, हे न सांगता समजलं.

पुढचं काम भाषेच्या बाईंनी उचललं. औपचारिक पत्राचा नमुना पाठ करून घेण्याऐवजी त्यांनी मुलांना मुख्याध्यापकांनाच पत्र लिहायला लावलं, आकडेवारीसकट. नळाचा वॉशर बदलला गेला.

सहकाऱ्यांची शंका एकच होती: अभ्यासक्रम मागे पडेल. त्यावर वाद न घालता मी चाचणीतला प्रश्न बदलला. तीन नळांची गळती काढा, हे जुनंच गणित. त्याखाली एक ओळ वाढवली: आधी कोणता नळ दुरुस्त कराल, का? काहींनी सर्वांत जास्त गळणारा निवडला, तर काहींनी पिण्याच्या पाण्याचा. कारण पटण्यासारखं असेल, तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळतो. हवामानबदलाच्या बातम्यांनी मुलं घाबरतात, म्हणून त्यांच्या हातून होईल असं काही सापडल्याशिवाय तो धडा मी संपवत नाही. सध्या विज्ञानाच्या तासाला खतखड्डा चालू आहे. ओला कचरा वरखाली केला नाही, तर हवेअभावी त्याला वास का सुटतो, ते मुलं स्वतः नोंदवत आहेत.