उल्का पडली आणि मी हसलो

परवाच्या शुक्रवारी मी चर्चमध्ये बसून हसलो. मोठ्यांदा, आणि एकटाच.

बोलावलं होतं शेजारच्या आजोबांनी. (घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, त्यांना हे ठाऊक नाही.) चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सिनेमा, नंतर कॉफी आणि पाय (खायचा, गोड), घरून काही करून आणलंत तर उत्तम. बाहेर उणे पंधरा. अमेरिकेतल्या आयोवात फेब्रुवारीत कोणी असं बोलावलं की माणूस धर्म विचारत नाही, हीटर आहे ना एवढंच बघतो. हिनं आलूबोंडे तळले, पोरीला तीन थरांत गुंडाळलं आणि निघालो.

सिनेमा प्रलयाचा, तोही धार्मिक. नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नाहीच. एक लघुग्रह पृथ्वीवर आदळणार आहे, फारकत झालेलं एक जोडपं लेकीला गाठायला गाडीनं निघालंय, मागच्या सीटवर कुत्रा. मध्येच श्रद्धाळू माणसं गायब होऊ लागतात. कपडे जागेवर, माणूस वर, स्वर्गात. ह्याला रॅप्चर म्हणतात. सगळे ख्रिस्ती हे मानत नाहीत. आमचे पलीकडचे कॅथलिक शेजारी 'आमच्यात नाही हे' म्हणून हात झटकतात. पण एकोणिसाव्या शतकात जॉन डार्बी नावाच्या धर्मोपदेशकानं मांडलेली ही कल्पना इथल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल शब्दशः धरणाऱ्या प्रोटेस्टंट, लोकांत पक्की रुजली आहे. तर तो लघुग्रह अखेर पडद्यावर आला. कढईत विसरून करपलेला आलूबोंडा कोणीतरी दोऱ्याला बांधून फिरवावा, तसा. माझ्या मांडीवर खऱ्या आलूबोंड्यांचा डबा. मला आवरलं नाही.

तीस-चाळीस डोकी वळली. कोणी रागावलं नाही, तेच वाईट. पोरीनं तेवढं 'बाबा!' करून चिमटा काढला.

सिनेमा संपल्यावर खुर्च्या गोल मांडल्या आणि एकेकाला मत विचारलं. मला वाटलं, आता भजन सुरू. तर पहिलाच उठला तो टोपीवाला शेतकरी. त्याचा प्रश्न: सपाट कॅन्ससमध्ये शेतामागे डोंगर कुठून आला? त्यावरच पाच मिनिटं गेली. हे कॅलिफोर्नियात कुठेतरी उरकलेलं आहे, मक्याची पानं कागदी आहेत, ट्रॅक्टरचा आवाज वेगळ्याच ट्रॅक्टरचा आहे. देव, पाप, पश्चात्ताप याबद्दल एक शब्द नाही. हायस्कूलमधल्या एका पोट्ट्यानं विचारलं, एवढ्या वादळात बाईचे केस कसे बसलेले राहतात? त्यावर सगळे हसले. म्हणजे हसायला बंदी नव्हती, माझं टायमिंग चुकलं होतं.

वाऱ्याचा विषय निघाला तशी एक बाई शांतपणे म्हणाली, 'वारा असा वाजत नाही.' हॉल गप्प झाला. या हॉलमधल्या बहुतेकांनी तो वारा ऐकलाय. 10 ऑगस्ट 2020, भर दुपारी, डेरेचो. चक्रीवादळ नाही, समुद्राचा संबंध नाही, सरळ रेषेत धावत येणारं वादळ. आमच्या गावात वाऱ्याचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास गेला असावा असा हवामान खात्याचा अंदाज आहे. शहरातली निम्म्याहून जास्त झाडांची छाया एका दुपारी गेली. आमचं मेपलचं झाड गाडीवर आडवं. वीज नऊ दिवस नाही.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ह्याच चर्चची आठ माणसं चेनसॉ घेऊन अंगणात उभी. ना ओळख, ना पाळख. चार तास झाड कापलं, ओंडके रस्त्याकडेला रचले. पैसे दिले तर घेईनात. गॅसवर जमले तसे आलूबोंडे केले, ते मात्र उभ्या-उभ्या संपवले. एकानं मिरची अख्खी खाल्ली आणि आमच्या पायरीपाशी बसला. मी हसलो त्या सिनेमाला, पण हसलो ह्या लोकांच्या मधे बसून, हे डोक्यातून जात नाहीये. माझी बाजू एवढीच की ग्राफिक्स खरोखर वाईट होतं. तुम्हीही हसला असतात.

सत्तरीच्या एका आजींचं मत सगळ्यात वेगळं. त्या म्हणाल्या, हा काहीच नाही, शाळकरी वयात असल्याच तळघरात 'अ थीफ इन द नाइट' दाखवला होता. तो 1972चा, आयोवातच काढलेला, जेमतेम 68 हजार डॉलरांत. त्यानंतर कित्येक महिने शाळेतून घरी आल्यावर आई दिसली नाही की त्यांना वाटायचं, सगळे वर गेले, मी राहिले. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असायची. आजी हे हसत सांगत होत्या, पण हातातला कागदी कप त्यांनी पार चुरगळला होता. पास्टरांनी मग मॅथ्यूच्या शुभवर्तमानातलं वाक्य काढलं: तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. म्हणून सिनेमातलं ते उलट मोजणारं घड्याळच चुकीचं, असं त्यांचं म्हणणं.

मग आमच्याकडे माना वळल्या. पाहुण्यांना काय वाटलं? मी म्हटलं, ग्राफिक्सचं सोडा, आमच्याकडे खरी उल्का पडलेली आहे. लोणार! आमच्याच विदर्भातलं. पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा, काळ्या बसाल्टमध्ये, आत खारं तळं, आणि लोक सांगतात की तिथे लवणासुर लपला होता, विष्णूनं त्याला मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. तळं 2020 साली गुलाबी झालं तेही सांगितलं. मी फॉर्मात आलो होतो. तेवढ्यात तो टोपीवाला म्हणाला, छान, आमच्याकडे मॅन्सनला आहे एक. अडतीस किलोमीटर रुंद. 7 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचा. घ्या! इथे कॉफीचा कपसुद्धा आपल्या तांब्याएवढा असतो, खड्डा तरी लहान कसा असेल. पण दिसत काही नाही तिथे, हिमनद्यांनी आणलेल्या मातीखाली गाडलेला आहे, वर मका. मी पण ठणकावलं, आमचा दिसतो.

खरी बोचणी वेगळीच. त्या वर जाणाऱ्यांच्या यादीत आपण नाही. येताना गाडीत पोरीनं विचारलं, मी जाईन का? आजोबा मागच्या सीटवर होते. ती इंग्रजीत विचारते, त्यामुळे त्यांना कळलं. ते चटकन म्हणाले, लहान मुलं सगळी जातात, काळजी नको. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, कारण पुढच्या सीटवर आम्ही दोघं गप्प. मिनिटभरानं म्हणाले, 'तुम्ही राहिलात तर आमच्या कुत्र्याला खायला घाला, किल्ली तुमच्याकडे आहेच.' आहे खरी. ते मुलाकडे ॲरिझोनाला जातात तेव्हा मीच घालतो. हसलो सगळे. पण रात्री झोप लागेना. एवढा चांगला माणूस, माझ्या दारातला बर्फ मी उठायच्या आत काढणारा, आणि मनाच्या कुठल्यातरी कप्प्यात त्यानं माझा हिशोब मिटवलेला.

आमच्याकडे असं नाही, असं मी हिला म्हटलं. आपली मारबत बघ, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तिचा पुतळा निघतो, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत'. आपण पीडेला हाकलतो, माणसांना मागे टाकत नाही. ही म्हणाली, हो का? (पंगतीच्या याद्या आपल्यातही होत्या, आणि त्याचं उत्तर नागपुरातच 1956 साली दिलं गेलं, हे तिला म्हणायचं होतं. मी विषय बदलला.) आणि मग मलाच आठवला 'जय संतोषी माँ'. 1975, 'शोले'चंच वर्ष, त्याच्यापुढे किरकोळ खर्चाचा सिनेमा, आणि माझी आजी थिएटरात चपला बाहेर काढून गेली होती, पडद्यावर नाणी टाकून आली होती. तेव्हा शेजारच्या खुर्चीत एखादा गोरा बसून फिदीफिदी हसला असता, तर आजीनं सोडला असता?

रविवारी आईबाबांना फोनवर सगळं रंगवून सांगितलं. बाबांना प्रलय नवा नाही. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरांत शिरली, तेव्हा इकडे आयोवात शुक्रवारची संध्याकाळ होती. मी फोनवर पाणी बघत होतो, तिसरी पायरी, चौथी पायरी. 'वर जाऊन राहिलो, तू ठेव,' एवढं बोलून बाबांनी फोन ठेवला आणि पुढचे तीन तास लागला नाही. मी तिथे असतो तरी काय केलं असतं? सतरंज्या वर नेल्या असत्या. फ्रिज तर असाही गेलाच असता. नंतर कळलं की बाबा खालच्या भाडेकरूंच्या कुत्र्याला उचलून वर घेऊन गेले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना.

माझं सांगून झालं. लघुग्रह, कागदी मका, आजींची आई, मॅन्सन. आई हसली. बाबा जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'आणि त्या कुत्र्याचं काय झालं?'

'कोणत्या?'

'गाडीतला. मागच्या सीटवरचा. जोडपं तर वर गेलं म्हणतोस. काच खाली होती का?'

मला आठवेना. आजोबांना विचारलं, त्यांनाही आठवत नाही.