एका शून्यापायी अडलेली माझी पहिली बाईक

२०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि त्या दिवशी माझी गाडी दारात उभी राहणार, असं आईने दोन महिने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पैसे मी २७ फेब्रुवारीलाच भरले होते. गाडी आली २४ मार्चला. पाडवा हुकला याचं दुःख आहेच, पण मधले २५ दिवस ज्या कारणाने वाया गेले त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

मी परळला राहते, काम मरोळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. सेकंड शिफ्ट रात्री दीडला सुटते. तोवर शेवटची लोकल गेलेली असते. रिक्षा मिळाली तरी ती सायनपर्यंतच, कारण त्यापुढे मुंबई शहरात रिक्षाला परवानगी नाही. पुढे टॅक्सी शोधायची आणि तो म्हणेल ते भाडं द्यायचं. दोन वर्षं असं काढल्यावर ठरवलं, स्वतःची गाडी घ्यायची.

लायसन्सला काही त्रास झाला नाही. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि ते ६ महिने चालतं. मी त्या वेळात मामेभावाच्या स्प्लेंडरवर रविवारी सकाळी हात बसवला आणि पहिल्याच टेस्टला आठचा आकडा पाय न टेकता काढला.

गाडी निवडायला मात्र वेळ दिला आणि तो दिला हे बरंच झालं. मला जुन्या धाटणीची, गोल हेडलाइटची गाडी हवी होती. त्या बजेटमध्ये बघता बघता मी चिनी गाड्यांपाशी पोचले. नावावरून चिनी कळतातच असं नाही. बेनेली इटलीची, १९११ सालची कंपनी, पण २००५ पासून चीनच्या चियानजियांग ग्रुपच्या मालकीची. कीवे मूळची हंगेरीची, तीही त्याच ग्रुपमध्ये. सीएफमोटो आणि झोंटेस तर चीनच्याच. झोंटेसच्या ३५० सीसी गाड्या तेव्हा तीन लाखांच्या वर होत्या, तो विषय तिथेच संपला. बेनेलीची इम्पेरियाले ४०० दिसायला फार देखणी, पण वजन २०० किलोच्या वर. शोरूममध्ये साइड स्टँडवरून सरळ करताना माझे हात थरथरले. नवशिक्याने गाडी निवडताना आधी हेच करून बघावं, चालवून बघणं नंतर. रात्री दोन वाजता चढावर गाडी आडवी झाली तर उचलायला कोणी येणार नसतं.

शेवटी कीवे एसआर १२५ वर थांबले. किंमत तेव्हा १ लाख १९ हजार, एक्स-शोरूम, म्हणजे टॅक्स आणि विमा सोडून. वजन १२० किलो, दोन्ही चाकांना डिस्क, आणि माझे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात. तेव्हा १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, सक्ती नव्हती. सीबीएस चालायचं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो. एबीएस असतं तर मला आवडलं असतं, हे खरं. १२५ सीसी कमी पडेल असं ऑफिसमधले सगळे म्हणत होते. पण मुंबईत दुचाकीला सी लिंक बंद, ईस्टर्न फ्रीवे बंद, जेजे उड्डाणपूल बंद. उरलेल्या रस्त्यांवर यापेक्षा जास्त ताकद घेऊन करायचं काय?

बाबा मात्र एकच वाक्य धरून बसले होते, "चिनी माल आहे, बघ बाई." पुढे जे झालं त्यात हे वाक्य मला सगळ्यांकडून ऐकावं लागलं.

पैसे भरले, तेव्हा शोरूमवाल्याने आठ दिवसांत नंबर येईल असं सांगितलं. रोड टॅक्स आपल्याकडे १०० ते २९९ सीसीला ११ टक्के, म्हणजे तेरा हजारांच्या वर, तोही भरला. विमा काढला, नव्या दुचाकीला थर्ड पार्टी ५ वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. आठ दिवस गेले. फोन केला तर धुळवडीची सुट्टी. मग, "मॅडम, इम्पोर्टेड गाडी आहे, वेळ लागतो." मग आरटीओचं सर्व्हर डाउन. मग पुन्हा इम्पोर्टेड गाडी. १३ तारखेला मी रजा टाकून शोरूममध्ये गेले. माझी गाडी कोपऱ्यात उभी होती, टाकीवर धुळीचा थर, मागच्या चाकाला कोणाची तरी सायकल टेकवलेली. नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही. पूर्ण पैसे भरलेली स्वतःची गाडी मी तिथे उभी राहून फक्त बघत होते.

त्या रात्री घरी 'वाहन' या गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर माझा अर्ज क्रमांक टाकला. (हा क्रमांक पैसे भरल्याच्या दिवशीच मागून घ्या. मला तो तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाला.) अर्ज ६ मार्चलाच आरटीओतून परत आला होता! डीलरकडे दुरुस्तीसाठी पडून होता. एक आठवडा सगळे मला इम्पोर्टेड गाडीची गोष्ट सांगत होते आणि अर्ज त्यांच्याच कॉम्प्युटरवर होता. शेऱ्यात लिहिलं होतं, विम्यातला चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी शोरूमवाले म्हणाले, विमा कंपनीची चूक. विमा कंपनी म्हणाली, डीलरने दिलेला नंबरच टाकलाय. दोघांनीही नंबर वाचून दाखवला आणि दोघांचाही सारखाच वाटला. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर तोच, फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनीच्या दाखल्यावर तोच, पॉलिसीवर तोच. मग शोरूममधला पोरगा सहज म्हणाला, "चायनाच्या गाड्यांचे नंबर असेच वेडेवाकडे असतात, मॅडम." त्या वाक्याने माझं डोकं फिरलं.

लॅबमध्ये मी दिवसभर नमुन्यांवरचे बारकोड आणि नंबर ताडून बघते. एक अक्षर चुकलं तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जातो. म्हणून मी तेच करायचं ठरवलं. त्या पोराकडून कोरा कागद आणि पेन्सिल घेतली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि हँडलखालच्या दांड्यावर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली. आरटीओच्या कामात याला चॅसिसची पेन्सिल प्रिंट म्हणतात. पहिल्यांदा कागद सरकला, अर्धाच नंबर उठला. दुसऱ्यांदा वरून खालून चिकटपट्टी लावली. राखाडी पट्ट्यात पांढरी अक्षरं एकेक करून उठत गेली, १७ च्या १७.

तो कागद पॉलिसीशेजारी ठेवला. शेवटच्या आकड्यांत लागोपाठ दोन शून्यं होती. कागदावर दोन्ही सारखी, उभट. पॉलिसीत पहिलं उभट आणि दुसरं गरगरीत. ते शून्य नव्हतंच, इंग्रजी ओ होता. टाइप करणाऱ्याने कळफलकावर शून्याऐवजी ओ दाबला होता. वाचताना कोणाला कळणार? पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं. आणि चॅसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधी वापरतच नाहीत, नेमकं याच कारणासाठी की एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये. १७ अक्षरांचा असा नंबर असलेल्या कुठल्याही गाडीला हा नियम लागू आहे, नुसत्या चिनी गाडीला नाही. म्हणजे पॉलिसीत ओ दिसला तिथेच कोणीतरी थांबायला हवं होतं. शोरूम, विमा कंपनी, दोन्ही ठिकाणची मिळून किमान चार माणसं तो नंबर पाहून गेली होती.

विमा कंपनीला दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी लावून ईमेल केला, खाली शोरूमच्या मॅनेजरला कॉपी. दुरुस्तीचं एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचं पत्र, यायला तीन दिवस लागले, शोरूमने अर्ज पुन्हा पाठवायला आणखी दोन. २२ ला पाडवा, सुट्टी. २४ ला नंबर पडला, प्लेट लागली. मॅनेजर म्हणाला, "झालं ना मॅडम शेवटी." मी त्याला तो पेन्सिलचा कागद दाखवला आणि सांगितलं की पुढच्या गिऱ्हाइकाला गाडी कुठल्या देशाची आहे ते सांगू नका, अर्ज कुठे अडलाय ते सांगा.

मधेच आठवलं म्हणून सांगते. माझा मामेभाऊ याच दरम्यान इंटरनेटवर स्वस्तातली एक चिनी डर्ट बाईक बघत होता. विकणाऱ्याला मी फॉर्म २२ आहे का विचारलं, म्हणजे गाडी रस्त्याच्या नियमांत बसते असा कंपनीचा दाखला. तो नव्हता. त्याशिवाय आरटीओ नोंदणीच करत नाही. गाडी घेतली असती तर नुसती घराच्या गॅलरीत ठेवावी लागली असती.

चिनी गाडीची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती पैसे देण्याआधी बघण्यासारखी आहे. सर्व्हिस सेंटर कमी असतात आणि भारतात गाडी विकणारी कंपनी मधेच बदलू शकते. बेनेलीचं काम २०१८ मध्ये पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सकडून हैदराबादच्या महावीर ग्रुपकडे गेलं, आपल्याकडच्या जुन्या मालकांना ते आठवत असेल. मी पैसे भरण्याआधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जाऊन क्लच केबल, ब्रेक लिव्हर आणि एअर फिल्टर आत्ता हातात मिळेल का, असं विचारलं होतं. दोन होते, लिव्हर नव्हता. तो मागवून ठेवला, अजून सीटखालच्या पिशवीत आहे. हेल्मेटही विसरू नका, आयएसआय मार्कचं हेल्मेट गाडीसोबत द्यावं लागतं. मला ते मागितल्यावरच मिळालं.

२४ च्या रात्री शिफ्ट संपल्यावर साकीनाका, कुर्ला, सायन अशी आले. सायनला सिग्नलपाशी रिक्षा नेहमीसारख्या थांबलेल्या होत्या. मी न थांबता पुढे आले. घरी आई जागी होती. तिने त्या रात्री अडीच वाजता गाडीला हळदकुंकू लावलं आणि बाबांनी खाली येऊन, काही न बोलता, हार घातला.