कोऱ्या नळीतला विषाणू

भूम तालुक्यातल्या एका वस्तीवर उस्मानाबादी शेळ्या लागोपाठ गाभडत होत्या. जगली त्यातल्या काही करडांचे पाय वाकडे, मान आखडलेली. ब्रुसेला, पीपीआर, ब्लूटंग या शेळ्यांच्या ओळखीच्या रोगांचे सगळे अहवाल निगेटिव्ह. डॉक्टरांनी मेलेल्या करडाच्या मेंदूचे तुकडे बर्फात घालून संभाजीनगरला आमच्या लॅबमध्ये पाठवले.

पीसीआर, म्हणजे विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती काढून तो ओळखायची चाचणी, करायची तर काय शोधायचं ते आधी ठाऊक हवं; तो तुकडा पकडणारे प्रायमर त्याच विषाणूचे लागतात. विषाणूच अनोळखी असेल तर ऊतीतला सगळा आरएनए-डीएनए वाचून काढायचा. त्यात बहुतेक भाग शेळीचाच निघतो. तो संगणकावर वगळायचा, उरलेले तुकडे जोडायचे आणि माहीत असलेल्या विषाणूंच्या डेटाबेसशी ताडायचे. 2011 मध्ये जर्मनीत गायींच्या रक्तात श्मालेनबर्ग विषाणू असाच सापडला. तो चिलटांमार्फत पसरतो आणि त्याच्यामुळे वाकड्या पायांची कोकरं जन्मतात. आमच्या मनात तसंच काहीतरी होतं.

निकाल आला त्या दुपारी एक लांबलचक तुकडा जुळून आला. डेटाबेसमध्ये त्याच्यासारखा क्रम नाही, पण प्रथिनाचं दूरचं नातं एका विषाणू-कुळाशी! सगळे स्क्रीनभोवती गोळा झाले. मी म्हटलं, आधी ब्लँक उघडा. ब्लँक म्हणजे ऊतीऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालून, त्याच दिवशी त्याच किटमधून चालवलेली नळी. तिच्यातही तोच तुकडा होता, अक्षर न अक्षर तोच. म्हणजे तो करडातून नव्हे, किटमधूनच आला होता.

यकृतदाहाच्या रुग्णांत सापडला म्हणून गाजलेला एक ‘नवा’ विषाणूही 2013 मध्ये असाच किटच्या सिलिका कॉलममधून, म्हणजे आरएनए-डीएनए वेगळं करणाऱ्या गाळणीतून, आलेला निघाला होता. मला त्या पाण्याच्या नळीचे उपकार वाटले. खोटं नाव वस्तीवर पोचलं असतं, तर लोकांनी त्या नावापायी औषधांवर पैसे घातले असते.

संध्याकाळी शेळीवाल्या मावशींचा फोन आला. “ताई, निघालं का काही?”

“नाही मावशी, अजून नाही.” हे सांगताना जीभ जड झाली. पण शोध संपला नव्हता. चिलटांच्या अशा काही आजारांत करडू जन्मेपर्यंत विषाणू अंगातून गेलेला असतो, मागे राहतात प्रतिपिंडं, विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं. चिकातून आईची प्रतिपिंडंही करडात येतात. म्हणून आता वाकडं करडू जन्मलं की चीक पाजण्याआधी त्याचं रक्त हवं, आणि शेळी गाभडली की ताजी वार.

“आन रात्री व्याली तर?”

“रात्रीच फोन करा. डॉक्टरांकडे नळ्या देऊन ठेवते.”