घोड्याच्या पायांना काय लावावे, आणि कोणत्या क्रमाने

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. त्वचेखाली थेट कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), अस्थिबंध (हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा) आणि हाड असते. म्हणूनच तबेल्यातल्या फळीवर मलमे, जेल आणि तेले कितीही साठली, तरी त्या पायावर एका वेळी काय जावे याचा विचार खरेदीआधी व्हायला हवा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

भरधाव धावताना कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचू शकते. कामानंतर पाय थंड करायचे ते यासाठी, आणि त्या कामी वाहत्या गार पाण्याची बरोबरी कोणतेही जेल करत नाही. जेलमधला मेंथॉल गारव्याची जाणीव करून देतो. प्रत्यक्ष उष्णता कमी होते ती मुख्यतः बाष्पीभवनाने, आणि पट्टी बांधली की ते बाष्पीभवन कोंडले जाते. लिनिमेंट म्हणजे चोळण्याच्या उष्ण औषधी द्रवावर पट्टी आवळली, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन फोडही येऊ शकतात. बाटलीवर पट्टीखाली वापरण्याची स्पष्ट परवानगी नसेल, तर पाय उघडाच ठेवावा.

खुराच्या वरच्या, मागच्या खोलगट भागात चिखल आणि ओल साचून खपल्या धरतात, त्यामागे अनेकदा डर्मॅटोफिलस हा जिवाणू असतो. येथे क्रमच निर्णायक ठरतो. घोड्याच्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) उदासीनाजवळ असतो, त्यामुळे माणसांसाठीचा शाम्पू तिला मानवेलच असे नाही. शिवाय साध्या साबणाचा अंश उरला, तर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा प्रभाव घटतो. म्हणून आधीचा साबण पूर्ण धुऊन काढावा, मग क्लोरहेक्सिडीनचा फेस सुमारे १० मिनिटे राहू द्यावा आणि धुऊन टाकावा. खपल्या नखाने उपटू नयेत. त्या मऊ होऊन सुटतील तेवढ्याच काढाव्यात, कारण खालची त्वचा सोलली की जंतूंना नवी वाट मिळते आणि घोडा पुढच्या वेळी पायाला हात लावू देत नाही.

त्यानंतर पाय पूर्ण कोरडा करणे ही सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी. पाण्यासारखे पातळ औषध आधी, ते मुरल्यावर मलम, आणि झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर सर्वांत शेवटी. हा थर ओल्या त्वचेवर बसला, तर तो ओल बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडतो. तो मुळात चिखलात जाण्यापूर्वी निरोगी, कोरड्या त्वचेवर लावायचा असतो. चिघळलेल्या संसर्गावरचा तो उपचार नव्हे.

डायमिथाइल सल्फॉक्साइड असलेल्या औषधाबाबत मी विशेष सावध असतो. ते त्वचेवरची इतर द्रव्ये सोबत आत नेते, म्हणून त्याच्याआधी किंवा त्याच्यावर दुसरे काहीही नको, आणि लावणाऱ्याने हातमोजे घालावेत.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी घटकांची यादी अधिकच बारकाईने वाचावी. २००८ च्या ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तेव्हा अडथळे ओलांडणाऱ्या काही घोड्यांच्या नमुन्यांत मिरचीतले, काही मलमांतही असणारे आणि स्पर्धेत बंदी असलेले कॅप्सेसिन सापडले आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले.

एकच पाय अचानक गरम होऊन सुजला, सूज वर चढू लागली किंवा घोडा लंगडू लागला, तर पशुवैद्यांनी पाहीपर्यंत त्या पायाला मलम किंवा लेप लावू नये, कारण लेपाखालच्या त्वचेवरची बारीक जखम सहज नजरेआड होते.