सतरा अनुस्वार का गळाले: हीट प्रेसची पावसाळी नोंद

आषाढीच्या आधी गंगाखेडच्या एका दिंडीतल्या सेवेकरी पोरांसाठी चौदा टी-शर्ट केले होते, ते मागच्या नोंदीत लिहिलं होतं. पांढरा सुती कपडा, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम), त्यावर हीट प्रेसनं, म्हणजे तापलेली प्लेट दाबणाऱ्या मशीननं, चिकटवलेलं गडद निळं पीयू विनाइल (मागं गोंद असलेलं पातळ प्लास्टिक). पाठीवर वर मोठं ‘पांडुरंग’, खाली लहान अक्षरात ‘गंगाखेड’. परळी, अंबाजोगाई करत पंढरपूरपर्यंत ते कपडे पावसात भिजले, घामानं भिजले, जिथं पाणी मिळेल तिथं दगडावर आपटून धुतले गेले. एवढी कडक परीक्षा मी घरी कधीच घेतली नसती.

मावशी वारीहून परतल्यावर भेटायला आली. चहा हातात घेतला आणि म्हणाली, “अगं, पांडुरंगावरली टिंबं गेली की. वाचायला कसंतरीच वाटायलंय.”

मला फार लागलं ते. अक्षर शाबूत आणि अनुस्वार नाही, म्हणजे नावच बदललं. आपल्या भागात तर अनुस्वाराशिवाय चालतच नाही: नांदेड, हिंगोली, कंधार, निलंगा, अंबाजोगाई, गंगाखेड. इंग्रजी अक्षरांवर शिकवणारे व्हिडिओ बघून आपण मशीन चालवायला शिकतो, त्यात हा प्रश्न येतच नाही.

मावशीला सांगून अकरा टी-शर्ट परत मागवले. उरलेल्या तीन पोरांनी फोटो पाठवले. मग वही घेऊन मोजायला बसले. एका टी-शर्टवर तीन अनुस्वार, म्हणजे एकूण बेचाळीस. त्यातले सतरा गळालेले.

पहिला संशय आकारावर होता. विनाइल कडेकडून सुटायला लागतं, आणि लहान तुकड्याला चिकटायला जागा थोडी पण कड भरपूर, म्हणून तो आधी जातो. हे खरंच आहे. पण वहीत वेगळंच दिसत होतं. ‘पांडुरंग’चे अनुस्वार ९ मिलिमीटरचे, ‘गंगाखेड’चा फक्त ५ मिलिमीटरचा, आणि ‘गंगाखेड’चा एकही गळाला नव्हता. चौदाच्या चौदा जागेवर. गेलेले सगळे वरच्या ओळीतले, त्यातही ‘रं’वरचे तेरा आणि ‘पां’वरचे चार.

दुसरा संशय व्होल्टेजवर. आमच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर ते १८५ पर्यंत उतरतं. २३० वर १४०० वॅट खेचणारी प्लेट १८५ वर जेमतेम ९०० वॅट खेचते, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. प्लेट एकदा तापली की आकडा बरोबर दिसतो, पण प्रत्येक कपडा थोडी उष्णता पिऊन घेतो आणि ती भरून यायला वेळ लागतो. मल्टिमीटरची तापमान मोजणारी प्रोब विनाइलखाली ठेवून लागोपाठ पाच प्रेस मारले. डिस्प्लेवर १५५ अंश सेल्सिअस, पाचव्या वेळी कपड्यावर १४१. तेव्हापासून दोन प्रेसमध्ये दीड मिनिट थांबते, मोठं काम असलं तर सकाळी करते. पण ही कमतरता सगळ्या अक्षरांना सारखीच होती. मग ‘ग’ टिकला आणि त्याच्या शेजारचा अनुस्वार गेला, असं का?

उत्तर रात्री कपड्याची घडी घालताना हाताला लागलं. गळ्याची मागची शिलाई! तिथं रिबची पट्टी, पाठीचं कापड आणि आतली टेप असे थर एकावर एक येतात. मी शब्द गळ्याच्या फार जवळ घेतला होता आणि गळपट्टी प्लेटखालीच राहिली होती. वरची प्लेट त्या जाड भागावर टेकते, त्यामुळं लगतच्या जागेला दाब मिळत नाही. आणि शब्दात सगळ्यात उंच, गळ्याला सगळ्यात जवळ कोण? शिरोरेघेवर बसलेला अनुस्वार. ‘पां’ डावीकडं लांब असतो, ‘रं’ गळ्याच्या शिलाईच्या मध्याजवळ, म्हणून त्याचे तेरा गेले.

खात्री करायला कागदाच्या पट्ट्या घेतल्या. टी-शर्ट तसाच लावून, मशीन थंड ठेवून, गळ्याजवळ, मधे आणि खाली एकेक पट्टी ठेवून प्रेस बंद केला आणि ओढून बघितलं. मधली आणि खालची हलेनात. गळ्याजवळची लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. ज्यांच्याकडं माझ्यासारखं वरून पुस्तकागत मिटणारं मशीन आहे, त्यांनी हे एकदा करून बघाच, दोन मिनिटांचं काम आहे.

आता गळा आणि खांदे प्लेटच्या बाहेर लोंबते ठेवते. ते जमत नसेल तर जुना रबरी माऊस पॅड टेफ्लॉन शीटमध्ये गुंडाळून नेमका छपाईखाली सरकवते, म्हणजे छपाईची जागा शिलाईपेक्षा उंच येते. शब्दही दोन बोटं खाली घेतलाय. पावसाळ्यात सुती कपडा हवेतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून आधी विनाइल न ठेवता आठ सेकंद कोरा प्रेस. पहिल्यांदा केला तेव्हा कपड्यातून वाफ निघताना डोळ्यांनी दिसली.

कटिंगमध्येही एक बदल. अक्षरं कटरला देण्याआधी जोडून एकसंध करायची. नाहीतर ब्लेड दोन अक्षरांच्या मधे शिरोरेघ कापतं आणि धुलाईत ती तिथंच उकलते. माझ्या दोन टी-शर्टवर ‘डु’ आणि ‘रं’च्या मधे तशी फट पडली आहे.

डीटीएफ (फिल्मवर छापून ते कपड्यावर दाबून उतरवायची पद्धत) का नाही, असं काहींनी विचारलं होतं. डीटीएफमध्ये वीडिंग, म्हणजे कापलेल्या विनाइलमधला नको तो भाग सोलून काढणं, नसतं, त्यामुळं अनुस्वार सोलताना कचऱ्याबरोबर निघून जात नाही, हे सुख मोठं आहे. पण त्याचा गोंदही उष्णता आणि दाबानंच धरतो, गळपट्टी तिथंही आडवीच येणार.

मागे एकदा लाल पॉलिएस्टरच्या कपड्यावर पांढऱ्या विनाइलचे आकडे टाकले होते, त्याचं एवढंच: दोन दिवसांत ते गुलाबी झाले. जास्त तापमानाला पॉलिएस्टरमधला रंग वायू होऊन वरच्या पांढऱ्यात शिरतो. ज्या गुणावर सब्लिमेशन (रंगाचा वायू करून कपड्यात मुरवायची छपाई) चालतं, तोच इथं उलटला. रंग अडवणारं विनाइल मागवलंय, त्याची नोंद वेगळी करीन.

आलेले अकरा टी-शर्ट दुरुस्त केले. गळालेल्या टिंबाच्या जागी गोंदाचं फिकट करडं वर्तुळ राहतं, बोटाला किंचित खरखरीत लागतं. त्यावर चिमट्यानं नवं टिंब बरोबर बसवायचं, वर बटर पेपर, खाली पॅड, १५५ वर पंधरा सेकंद. थंड झाल्यावर फिल्म सोलून पुन्हा पाच सेकंद. असे तेरा बसवले, बाकी चार त्या तीन पोरांच्या अंगावर आहेत.

चाचणीचा एक टी-शर्ट मुद्दाम दगडावर आपटून सात वेळा धुतलाय, तिन्ही टिंबं जागेवर आहेत. १७ सप्टेंबरसाठी तीस टी-शर्टचं काम आलंय. ओळ आहे ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. त्यातल्या ‘सं’साठी मी दहा धुलायांपर्यंत थांबणार आहे, तोवर विनाइल कापणार नाही.